घ की ध

२०२३ च्या पावसाळ्यात माझा थोरला भाऊ एकोणीस दिवस आयसीयूत होता. अकराव्या दिवशी एका सिस्टरने दहा मिनिटांसाठी त्याचा उजवा हात सोडला. नळी उपसून काढेल म्हणून दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीने कॉटच्या दांड्याला बांधलेली असायची. हात सुटल्याबरोबर दादाने माझा तळवा ओढून घेतला आणि त्यावर बोटाने काहीतरी लिहिलं. दोन अक्षरं. दुसरं 'र' होतं, त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पहिलं 'घ' होतं की 'ध', ते कळलं नाही.

दादा गणिताचा मास्तर. वाईला छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं ते शिरोरेघ न देता. रेघ ओढण्यात खडूही जातो नि तासही जातो, म्हणायचा. शिरोरेघ नसली की घ आणि ध यांच्यात फरक उरतो तो एका बारीक गाठीचा. तळव्यावर, थरथरत्या बोटाने काढलेली गाठ कुणाला कळणार?

मी वाचलं 'घर'. वहिनी शेजारीच होत्या. त्यांनी आपल्या हातावर पुन्हा लिहून घेतलं आणि वाचलं 'धर'.

घर म्हणजे मला घरी न्या. धर म्हणजे धरून ठेवा, सोडू नका. सिस्टरने परत पट्टी बांधली. आम्ही दोघी बाहेर येऊन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. पुढचे आठ दिवस आमच्यात भांडण असं झालं नाही, पण एकमेकींच्या डब्यातलं खाणं बंद झालं.

व्हेंटिलेटरच्या कागदावर सही माझी होती. रात्री दोनला एक तरुण डॉक्टर आला. ऑक्सिजन टिकत नाहीये, टाकायचं का व्हेंटिलेटरवर, पाच मिनिटांत सांगा, म्हणाला. वहिनींचा हात लटपटत होता, म्हणून पेन मी घेतलं. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ मयत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर. न वाचता कागदावर सही करू नका, हे मी हजार माणसांना सांगितलं असेल. त्या रात्री 'रुग्णाशी नातं' या रकान्यात 'बहीण' लिहिलं, बाकी एक ओळ वाचली नाही.

फुप्फुसं आधीचीच खराब, त्यात न्यूमोनिया, मग किडनी. चौदाव्या दिवशी मी विचारलं, आता हे काढता येईल का? काढता येणार नाही, तुम्हाला न्यायचंच असेल तर डामा घ्या, असं उत्तर मिळालं. डामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून, आपल्या जबाबदारीवर पेशंट घरी नेतो, असं लिहून द्यायचं. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी धर म्हटलंय." माझी भाची, दादाची एकुलती एक, नुसती आमच्या तोंडाकडे बघत होती. एकोणिसाव्या दिवशी डायलिसिस चालू असतानाच हृदय थांबलं. पंचवीस मिनिटं छाती दाबत होते. काचेतून दिसत होतं.

रुग्णालयाला मी दोष देत नाही. त्यांच्या हातात आम्ही दिलं काय होतं? तळव्यावरची दोन अक्षरं, त्यातलं एक वादग्रस्त.

वर्षश्राद्धापर्यंत मी याबद्दल काहीच केलं नाही. मग आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात एका निवृत्त फिजिशियन बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं, 'वैद्यकीय इच्छापत्र' या विषयावर. सूचनाफलकावर विषय वाचून नेहमीच्यांपैकी निम्मे आलेच नाहीत. चहा-बिस्किटं उरली, हे सेक्रेटरींनी नंतर दोनदा सांगितलं.

बाईंनी सुरुवात अरुणा शानबागपासून केली. माझ्या वयाच्या कुणाला ते नाव सांगावं लागत नाही. परळच्या केईएम रुग्णालयातली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन ती अचेतासारखी पडून राहिली आणि १८ मे २०१५ ला गेली. मधली एकेचाळीस-बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयातल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला यातून सोडवा म्हणून याचिका केली होती. नर्सेसचा त्या याचिकेला विरोध होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली, पण कृत्रिम उपचार थांबवण्याची वाट मात्र त्याच निकालात पहिल्यांदा मोकळी झाली. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, म्हणजे तिथेही घ आणि ध होतंच की.

पुढचं सगळं मी वहीत उतरवून घेतलं, सवयीने. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ठरवलं की सन्मानाने मरण येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि शुद्धीत असलेला सज्ञान माणूस आपली इच्छा आधी लिहून ठेवू शकतो. इंजेक्शन देऊन मारणं यात येत नाही, ते आपल्याकडे बेकायदाच आहे. लिहून ठेवायचं ते एवढंच की बरं होण्याची आशा उरली नाही आणि मला बोलता येत नसलं, तर कुठले उपचार थांबवा किंवा सुरूच करू नका. तेव्हा अट होती की प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची त्यावर प्रतिस्वाक्षरी हवी. कोण जाणार कोर्टात? २४ जानेवारी २०२३ ला ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

जानेवारी २०२३. दादा त्या जुलैत आजारी पडला. सहा महिने हा रस्ता उघडा होता आणि आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हता. दुसऱ्यांच्या नॉमिनेशनच्या चुका काढण्यात नोकरी घातलेल्या मलाही नाही.

व्याख्यानानंतर मी बाईंकडून नमुना मागून आणला. चार पानं होती. मला वाटलं, दुपारच्या जेवणानंतर बसले तर चहाच्या वेळेपर्यंत संपेल. रकाने भरणं हा माझा हातखंडा. कुठला रकाना कोरा राहिला तर मला झोप लागत नाही.

त्या नमुन्यातल्या एका रकान्याला मला तीन आठवडे लागले.

पहिलं पान सोपं. नाव, वय ६५, पत्ता, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाखाली नाही. दुसऱ्या पानावर उपचारांची यादी होती: छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणं, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून पोटात जाणारी नळी, गळ्याला भोक पाडून घातलेली नळी. प्रत्येकापुढे हवं, नको, काही दिवस करून बघा. आमचे फॅमिली डॉक्टर समोर बसून एकेक समजावत गेले. म्हाताऱ्या माणसाची छाती दाबताना बरगड्या मोडू शकतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. मला काचेतलं ते आठवलं. मी पाणी मागितलं.

वेदना कमी करणारं सगळं द्या, मॉर्फीन लागलं तर तेही, असं ठळक अक्षरात लिहा, हे त्यांनीच सांगितलं. उपचार थांबवा म्हणजे पेशंटला टाकून द्या असा अर्थ लोक काढतात. माझ्या लेकीच्या सासूबाई कॅन्सरने शेवटच्या दिवसांत पुण्याला वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केंद्रात होत्या. तिथे उपचार असे चालूच होते, फक्त मरण टाळण्यासाठीचे नव्हते. जाण्याच्या आदल्या दिवशी विहीणबाईंनी मँगो आइस्क्रीम मागितलं आणि दोन चमचे खाल्लं. लेकीने ते सांगितलं तेव्हा मला तिचा हेवा वाटला होता. असं वाटणं बरं नव्हे, पण वाटलं.

अडले ते तिसऱ्या पानावर. 'कोणत्या अवस्थेतलं जगणं मला जगणं वाटणार नाही', आणि खाली सात कोऱ्या ओळी.

डॉक्टर म्हणाले, "इथे वैद्यकीय शब्द नकोत. ते मागच्या पानावर झाले. तुमच्या माणसांना हे पान लागणार आहे. उद्या काय प्रसंग येईल हे ना तुम्हाला माहीत ना मला. तुम्ही कशावर जगता ते त्यांना कळलं तर ते ठरवतील."

घरी आले, डायनिंग टेबलावर बसले आणि पहिल्या झटक्यात लिहिलं: माणसं ओळखू येईनाशी झाली तर. तोंडाने खाता येईना, चव कळेना झाली तर. वाचता येईना आणि कुणी वाचून दाखवलेलंही कळेना झालं तर. स्वतःची अंघोळ स्वतः करता येईना झाली तर. गच्चीवर जाता येईना झालं तर.

दुसऱ्या दिवशी अंघोळीची ओळ खोडली. वहिनींचे वडील पक्षाघातानंतर सात वर्षं दुसऱ्याच्या हातून अंघोळ घालून घेत होते आणि अंघोळ घालणाऱ्या पोराला रोज नवी शिवी शिकवत होते. वाईला त्यांच्याइतका मजेत माणूस मी पाहिला नाही. अंघोळीची लाज ही माझी आजची ऐट होती.

मग गच्चीच्या ओळीवर आले. ही राहू द्यावी का? आमचं घर दुमजली, वर मोकळी गच्ची, तिथे माझी एकवीस कुंड्यांची बाग. मोगरा, कढीपत्ता, एक हट्टी लिंबू. मी विचार करू लागले की शेवटचं वर कधी गेले होते. गेल्या वर्षीची होळी? नाही, त्याच्या आधीची संक्रांत, पतंग बघायला. म्हणजे दीड वर्ष झालं. गुडघे दुखतात म्हणून. झाडांना पाणी हे घालतात, आणि यांच्या पद्धतीने घालतात, म्हणून मोगरा गेला.

वाचनाची ओळ बघितली. सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी दर वर्षी भरते. शेवटचं पुस्तक बदललं त्याला आठ महिने झाले होते. रात्री हातात फोन असतो. चव? गेली दोन वर्षं मी बिनमिठाचं, बिनतेलाचं, बिनसाखरेचं जेवते. डॉक्टरांनी थोडं कमी करा म्हटलं होतं, मी भीतीने सगळंच बंद केलं. माणसं ओळखणं तर राहूच दे. ज्या वहिनीच्या हातचं खाऊन मी कॉलेज केलं, तिच्याशी वर्षश्राद्धानंतर एक फोन नव्हता.

जे गेल्यावर मला मरण चालेल असं मी लिहायला बसले होते, त्यातलं निम्मं आत्ताच माझ्याकडे नव्हतं, आणि ते कुठल्या आजाराने नेलेलं नव्हतं.

कागद तसाच झाकून मी उठले आणि लसणाची फोडणी देऊन आमटी केली. नीट तेलाची. अगदी लिहिण्यासारखी गोष्ट नाही, पण त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

घरच्यांना सांगणं हा वेगळाच अध्याय. यांना दिवेलागणीला सांगितलं, तीच चूक झाली. "शुभ बोल नाऱ्या," हे म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. दोन दिवसांनी मी परत विषय काढला तर म्हणाले, "तू काय विनोबा लागून गेलीस?" विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारून देह ठेवला होता. यांना तो काळ चांगला आठवतो, यांच्या आईने तेव्हा रेडिओपुढे बसून हात जोडले होते. मी म्हटलं, "विनोबांना बोलता येत होतं. त्यांनी स्वतः नाही म्हटलं. मी बोलता येणार नाही तेव्हाचं लिहितेय." हे काही बोलले नाहीत. आजतागायत यांनी स्वतःचा कागद केलेला नाही आणि मी मागे लागत नाही. ज्याचा त्याचा तळवा.

मुलगा कॅनडात. त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. कागदात एकाहून जास्त जवळची माणसं नेमता येतात, जी आपल्या वतीने हो-नाही सांगतील. मी लेकीचं आणि भाचीचं नाव घातलं होतं. त्याने शांतपणे विचारलं, "माझं का नाही?"

"तू विचारशील रे," मी म्हटलं, "पण विमानतळावरून विचारशील."

हे मी आयसीयूच्या बाहेर बघितलेलं आहे. दूरचं लेकरू शेवटच्या दिवशी बॅग घेऊन धडकतं आणि म्हणतं, सगळं करा, पैशाचा विचार करू नका. रोज उशाशी बसलेल्यांनी जे मनाशी ठरवत आणलेलं असतं ते तिथे मोडतं. त्यात त्याचं प्रेमच असतं, पण पोचायला उशीर झालेला असतो. मुलाला लागलं. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी त्याने तिसरं पान पाठव म्हणून निरोप केला. वाचून एकच विचारलं, "आई, गच्चीवर कोण नेणार तुला?"

भाचीला विचारताना मात्र माझा धीर होत नव्हता. जे बघून तिला वर्षभर झोप नव्हती त्याच जागी तिला मी पुन्हा उभं करत होते. तिने सगळं वाचलं. माझा कच्चा मसुदा हाताने लिहिलेला, घाईत. म्हणाली, "करते मी. पण आत्या, शिरोरेघ दे. बाबांसारखं नको." मी चारही पानं पुन्हा लिहून काढली, प्रत्येक शब्दावर पट्टीने ओढल्यासारखी रेघ.

साक्षीदार घरचे नसलेले बरे, म्हणून शेजारच्या काकांना विचारलं. आनंदाने तयार झाले, आणि तारीख बघून मागे सरले. पितृपक्ष चालू होता. "या पंधरवड्यात मरणाच्या कागदावर सही नको हो." मी म्हटलं, अहो, पंधरवडाच त्यांचा आहे. ऐकेनात. मग नवरात्र आलं, तेव्हा यांना शुभ-अशुभ आठवलं. शेवटी दसरा झाल्यावरच्या सोमवारी आम्ही कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे गेलो. काका, योगवर्गातली एक मैत्रीण आणि मी. नोटरींनी चार पानं उलटीपालटी केली. "यात वाटण्या कुठंयत?" मृत्युपत्र नाही म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे, मग काकांकडे पाहिलं, रजिस्टरमध्ये नोंद केली, शिक्का मारला आणि पुढच्या भाडेकराराला हात घातला. सात मिनिटं.

एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक-एक लेकीकडे आणि भाचीकडे. आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेकडे जपून ठेवायला द्यायची असते, म्हणजे उद्या रुग्णालयाला खरा कागद कुठला हे पडताळता येतं. यासाठी प्रत्येक ठिकाणी अभिरक्षक अधिकारी नेमायचा आहे. ही नेमणूक महाराष्ट्रात व्हावी म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. मला वाटलं, आता नेमणुका झाल्यात म्हणजे काम सोपं आहे.

आमच्या पालिकेत स्वागतकक्षाने मला आरोग्य विभागात पाठवलं. आरोग्य विभागाने जन्म-मृत्यू नोंदणीत. तिथली मुलगी कामसू दिसत होती, मान वर न करता लिहिता लिहिता म्हणाली, "मयताचं नाव?"

मी नाव सांगितलं.

"मृत्यूची तारीख?"

"अजून नाही."

आता तिने मान वर केली. "अर्जदाराचं मयताशी नातं काय?"

"मीच ती."

मागच्या रांगेतला एक माणूस मोठ्याने हसला, मग ओशाळला, त्याच्या हातात खरोखरीचा अर्ज होता. मुलीने माझे कागद घेतले, उभ्या उभ्या तिसरं पान वाचलं आणि मला खुर्ची दिली. तिने तीन ठिकाणी फोन लावले. एका साहेबांचं नाव सापडलं, ते मीटिंगला गेलेले. मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी बंद पाकीट आवक टपालात घेऊन त्याच्यावर क्रमांक पडला आणि मला पोच मिळाली. नऊ वर्षं मी लोकांना पोच जपून ठेवा सांगत होते. ती पोच आता माझ्या पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे आहे.

प्रत्यक्षात वेळ आली तर एवढ्यावर भागत नाही, हेही सांगून टाकते. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, असं रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ बसतं. त्यांनी होकार दिला की दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांच्या आत मत द्यायचं. नेमलेल्या नातेवाइकांची संमती लागते आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सगळीकडे हे सुरळीत होईल असा माझा भाबडा समज नाही. पण लेकीच्या हातात दाखवायला कागद असेल.

गच्चीची ओळ मी शेवटी ठेवली नाही. गच्चीवाचून मरायला निघणं जरा जास्तच झालं असतं. पण ती खोडताना लक्षात आलं की गच्ची गेली ती नशिबाने नव्हे. हाडांच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, गुडघा बदलून घ्या. मी म्हणत होते, आता या वयात कशाला, किती दिवस उरलेत. किती दिवस उरलेत हा हिशेब घालून मी दिवसच वापरायचे बंद केले होते. पोच मिळाल्यानंतर पंधरा दिवसांनी मी जाऊन जानेवारीची तारीख घेतली. हे हसले. "व्हेंटिलेटर नको म्हणणारी बाई गुडघा नवा मागतेय."

आणि इथे एक गंमत झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी प्रामाणिकपणे फाइलमध्ये माझी चार पानंही लावली. भूलतज्ज्ञ तरुण होती, वाचून घाबरीच झाली. "काकू, उद्या टेबलावर काही झालं आणि तासाभरासाठी व्हेंटिलेटर लागला तर? मी लावायचा नाही का?" ती बरोबर विचारत होती. मी तिला पहिल्या पानावरचं वाक्य दाखवलं: बरं होण्याची आशा नसलेला आजार असेल आणि मी निर्णय सांगण्याच्या स्थितीत नसेन, तरच. "तू बेलाशक लाव," मी म्हटलं. "गुडघ्यापायी मरायचं नाहीये मला." तिने फाइलमध्ये तशी नोंद केली, माझी सही घेतली. या वेळी मी वाचून सही केली. व्हेंटिलेटर काही लागला नाही, कमरेतल्या इंजेक्शनवर काम झालं, आणि हातोडीचे आवाज मी अर्धवट झोपेत ऐकत होते, आपल्याच घरात सुतार आल्यासारखे.

फिजिओथेरपीबद्दल लोक खरं सांगत नाहीत. पहिले सहा आठवडे मी रोज रडले. एप्रिलमध्ये गच्चीवर गेले, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. लिंबू जिवंत होतं. मोगरा नवीन आणला.

जूनमध्ये वाईला गेले. वहिनींना आधी फोन केला नाही, नको म्हणतील म्हणून. त्या वाळवणं आत घेत होत्या. मला बघून म्हणाल्या, "वन्सं, चालताय की नीट." जेवायला वाढलं. भाचीने त्यांना कागदाचं सांगितलेलं होतं. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. ऊन उतरल्यावर म्हणाल्या, घाटावर येता का? कृष्णेच्या पायऱ्या मी पाच वर्षांत उतरले नव्हते. गणपतीच्या देवळामागून हळूहळू खाली गेलो आणि पाण्याजवळच्या पायरीवर बसलो. पाणी अजून कमीच होतं. पलीकडे पोरं उड्या टाकत होती.

"त्यांना धरच म्हणायचं होतं," वहिनी पाण्याकडे बघत म्हणाल्या.

मी गप्प राहिले. इतक्या महिन्यांत माझी खात्रीही पातळ झाली होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात माझ्या मांडीवर ठेवला, तळवा वर करून. कामाने घासलेला, हळदीने पिवळी पडलेली बोटं. डोळे मिटले.

"लिहा बरं. आधी एक, मग दुसरं. कुठलं ते सांगू नका. रेघ नाही द्यायची, त्यांच्यासारखं."

मी लिहिलं. पहिलं त्यांनी लगेच ओळखलं, म्हणाल्या, हे धर. ते घर होतं. दुसऱ्याला थांबल्या, कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. मी काही बोलले नाही. त्यांनी डोळे उघडले नाहीत, हातही काढून घेतला नाही.

"परत लिहा," म्हणाल्या.